आमची वाटचाल: एक चावी आणि तीन किटकॅट

2003 साली मी सेकंडहँड एम 9000 कॅमेरा घेतला आणि गंगावेशीत एका बोळातला गाळा भाड्यानं धरला. तेव्हा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला कोल्हापुरात 'व्हिडिओवाला' म्हणत. आता "सिनेमॅटिक टीम आली का?" असं विचारतात, पैसे मात्र व्हिडिओवाल्याचेच देतात. व्हीएचएस गेली, मिनी डीव्ही आली, ती जाऊन डीएसएलआर आले. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग करता करता दोन कॉम्प्युटर जळले, तिसऱ्याचे हप्ते अजून चालू आहेत. हिशेब बायको बघते, म्हणून फर्म टिकली. यातलं बाकीचं सगळ्याच व्हिडिओवाल्यांच्या नशिबी असतं, त्यामुळे ते सोडून सरळ 2017 च्या ऑक्टोबरवर येतो.

तुळशीचं लग्न होईपर्यंत आमच्या धंद्यात सामसूम असते. पोरं गाळ्यात बसून मोबाईल चाळत होती. त्यातल्या एकानं पुण्यातल्या 48 तासांच्या फिल्म स्पर्धेत परस्पर नाव घातलं आणि फी भरायची वेळ आल्यावर मला सांगितलं. अशा स्पर्धा 2001 साली अमेरिकेत वॉशिंग्टनला सुरू झाल्या आणि पुढं आपल्याकडंही आल्या. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी निघते, तिच्यात फिल्मचा प्रकार असतो. शिवाय एक वस्तू आणि एक वाक्य देतात, ती दोन्ही फिल्ममध्ये आलीच पाहिजेत. लिहिणं, शूटिंग, एडिटिंग सगळं त्या दोन दिवसांत. लांबी चार ते सात मिनिटं.

मी म्हटलं, अठ्ठेचाळीस तासांचं आपल्याला काय? आपण हळदीपासून वरातीपर्यंत न झोपता काढतो. अक्षता एकदाच पडतात, त्यांना रिटेक नसतो. डेडलाइन आम्हाला कोण शिकवणार? हा माज रविवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत टिकला.

पुण्याला चिठ्ठी काढायला मी आणि आमचा एडिटर गेलो. रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "कोल्हापूरहून? तिकडं फिल्म करतात?" बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी कॅमेरा कोल्हापुरात घडवला. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला आमच्याकडं जन्मली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. हे सगळं जिभेवर आलं होतं. पण हातात चिठ्ठी पडली आणि तोंड बंद झालं. प्रकार: सस्पेन्स. वस्तू: चावी. वाक्य: "जरा थांब, मी आलोच."

आम्ही कॉमेडीची तयारी करून गेलो होतो.

साडेसातला पुणे सोडलं. एडिटर गाडी चालवत होता आणि मी फोनवर पोरांना गोष्टी सांगत होतो. पहिली भुताची, दुसरी बंद वाड्याची, तिसरी पुन्हा भुताची. खंबाटकी घाटात रेंज गेली आणि दहा मिनिटं गाडीत शांतता झाली. तेवढ्यात एडिटर म्हणाला, "मालक, आपल्याला खरी भीती कशाची वाटते ते घ्या की." त्याचं घर शेतकऱ्याचं. त्याचा चुलता बांधावर मोटारीच्या वायरीला चिकटून गेला होता. ते तो असं सहज, गिअर बदलता बदलता बोलला.

कराडला चहा पिईपर्यंत गोष्ट तयार झाली. दोन भाऊ, दोघांत जमिनीचा वाद. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्री बाराला येते. विहिरीच्या काठावर धाकटा बॅटरीच्या उजेडात केबलचा जॉइंट करतोय. मोटारीच्या पेटीत ऑटो चालू आहे, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू होणार. पेटीला कुलूप आहे आणि चावी थोरल्याकडं. बाराला दहा मिनिटं कमी असताना धाकट्याला ऑटोची आठवण होते. थोरला म्हणतो, "जरा थांब, मी आलोच," आणि उसातनं पेटीकडं चालू लागतो. तो ऑटो बंद करणार का नाही? बस्स, एवढीच फिल्म. ना भूत, ना खून.

शनिवारी दुपारी करवीर तालुक्यातल्या मामांच्या रानात पोचलो. थोरल्याच्या कामाला आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आले. राज्य नाट्य स्पर्धेत तीस वर्षं काम केलेला माणूस. पहिल्याच तालमीत त्यांनी वाक्य असं म्हटलं की मागच्या रांगेपर्यंत पोचलं असतं. "सर, मागं रांग नाही, ऊस आहे," असं त्यांना कोण सांगणार? शेवटी मामाच म्हणाले, "मास्तर, वाईच हळू. माणूस मनात पाप असलं की मोठ्यानं बोलत न्हाई." त्यानंतर सरांना काही सांगावं लागलं नाही. धाकटा म्हणून आमचा ड्रोनवाला पोरगा उभा केला. त्याला अभिनय येत नव्हता, पण जॉइंट करता येत होता, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

सुरुवात करायच्या आधी मी एक काम स्वतः केलं. मेन बंद केला आणि तिन्ही फेजचे किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून पँटच्या खिशात घातले. चिनी मातीचे तीन जड तुकडे रात्रभर मांडीला टोचत होते. पण पोरगं खऱ्या केबलला हात लावणार होतं आणि बाराला खरीच लाइट येणार होती.

पहिले दोन तास वाया गेले, आणि ते माझ्यामुळे. मी सवयीनं चार एलईडी पॅनेल लावले. विहीर, ऊस, दोघांचे चेहरे, सगळं लख्ख. मॉनिटरवर बघितलं तर रिसेप्शनच! लग्नाच्या व्हिडिओत मावशी दिसली नाही तर हिशेब अडतो, म्हणून चौदा वर्षं आम्ही सगळ्यांना सगळं दाखवत आलो होतो. त्यात आमचा नवा सोनीचा कॅमेरा अंधारातही एवढं टिपतो की आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, चढवला की रात्रीचा दिवस होतो. एडिटरनं एकेक पॅनेल विझवलं. शेवटी उरली धाकट्याच्या तोंडात धरलेली बॅटरी आणि पेटीवरचा पिवळा उजेड, तोही आम्ही इन्व्हर्टरवर लावलेला. थोरल्याचा चेहरा उसात शिरल्यावर दिसेनासाच झाला. मी म्हटलं, "अरे, सरांचा चेहरा!" एडिटर म्हणाला, "तो दिसला तर लोकांना कळंल की तो काय करणार हाय."

मग बारा वाजले. पेटीजवळचा शॉट आवरून पोरं चहाला बसली होती. आवाज घेणारा पोरगा रेकॉर्डर बंद करायचा विसरला होता, आणि त्या विसराळूपणावर आमची फिल्म उभी राहिली. लाइट सगळ्या शिवाराला एकदम येते, पण ऑटोला टायमर असतो आणि ज्यानं त्यानं तो आपल्या मनानं लावलेला असतो. त्यामुळे पहिली मोटार ओढ्यापलीकडं सुरू झाली. खट्ट, आणि मग घूं. दोन सेकंदांनी दुसरी. मग डावीकडं एक, मग शेजारच्या बांधावर. मोटारी अंधारातनं एकेक करत आमच्या दिशेनं चालत येताहेत असं वाटलं. खिशात किटकॅट असूनही माझी नजर विहिरीवर गेली. ड्रोनवाला पोरगा केबलपासून आपसूक दोन पावलं मागं सरकला होता.

आम्ही शेवटासाठी घड्याळाच्या काट्यांचे शॉट काढले होते. सगळे टाकून दिले. मोटारी जवळ जवळ येतात, स्क्रीन काळी होते, आपल्या पेटीतला खट्ट ऐकू येतो, थोरला धाकट्याला हाक मारतो. थोडा वेळ काहीच नाही. मग अंधारातनं धाकट्याचा आवाज: "जरा थांब, मी आलोच."

पहाटे चारला पॅकअप झालं आणि सहाला एडिटर बसला. दुपारी चारपर्यंत सहा मिनिटांची फिल्म तयार होती. तीन तास हाताशी! तिथंच मला बुद्धी सुचली. आमच्या प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओच्या सुरुवातीला मोरपिसातनं फिरत येणारा फर्मचा लोगो असतो, तो मी इथं घालायला लावला. एडिटर नको म्हणत होता. लोगो घातल्यावर आवाज पुढं-मागं झाला, तो जुळवण्यात दीड तास गेला, परत एक्सपोर्ट करावं लागलं. सव्वासहाला नऊशे एमबीची फाइल तयार आणि गाळ्यातलं नेट रडत होतं. गच्चीवर जाऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अपलोड लावलं. सातला 92 टक्के. सात वाजून सहा मिनिटांनी फाइल पोचली. उशिरा आलेली फिल्म दाखवतात, पण बक्षिसाच्या यादीत धरत नाहीत. पोरं मला काही बोलली नाहीत, हे जास्त लागलं.

तेवढ्यात मामांचा फोन. "भाच्या, आज पानी पाजायचं हाय. किटकॅट कुठायत माझे?" पँटचा खिसा चाचपला. तिन्ही तिथंच.

पुण्यातल्या स्क्रीनिंगला जे झालं ते कुणी विचारलं तरच सांगतो. मोटारी सुरू व्हायला लागल्या तेव्हा हॉलमध्ये एकाचाही श्वास अडकला नाही. शेजारची बाई हळूच म्हणाली, "हा आवाज कसला?" ऑटो म्हणजे काय हेच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आम्ही चेहरा लपवला ते बरोबर होतं, पण त्या नादात जे सांगायलाच हवं होतं तेही लपलं होतं. परत आल्यावर सुरुवातीला एकच शॉट जोडला: दिवसा लाइट येते, पेटीजवळ कुणीही नसताना खट्ट होतं आणि पाईपमधनं पाणी उसळतं. नऊ सेकंद. लोगो काढून टाकला.

ती प्रत मामांच्या गावात देवळाच्या भिंतीवर पडदा बांधून दाखवली. चौथ्या मिनिटाला मागनं एक म्हातारा ओरडला, "आरं ऑटो बंद कर की भाड्या!" मला बक्षीस मिळालं असतं तरी याहून वेगळं काय वाटलं असतं, माहीत नाही.

त्या गर्दीत शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला असणारा वायरमन होता. त्यानं मोबाईलवर फिल्म नेऊन आपल्या साहेबांना दाखवली. आठवड्यानं बोलावणं आलं. कामगारांसाठी सुरक्षेची फिल्म करायची होती. त्यांच्याकडं आधी एक होती, पण ती लावली की पोरं झोपतात, म्हणाले. मग साहेबांनी विचारलं, "शूटिंगच्या वेळी करंट बंद आहे याची खात्री काय होती?" मी किटकॅटची गोष्ट सांगितली, परत द्यायला विसरलो तेसुद्धा. ते हसले आणि ड्रॉवरमधनं एक लाल कुलूप काढून टेबलावर ठेवलं. मशिनवर काम करणारा प्रत्येक माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्याच खिशात ठेवतो. चौघं काम करत असतील तर चार कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत मशिन सुरू होऊच शकत नाही. याला ते लॉकआऊट-टॅगआऊट म्हणतात. "तुम्ही न शिकता तेच केलंत," म्हणाले.

ती फिल्म आम्ही आठ दिवसांत केली. एक कामगार, त्याच्या खिशात चावी, आणि कुलूप लावायला विसरलेला दुसरा. एवढंच. तेव्हापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी अकरा फिल्म झाल्या. लग्नं अजूनही घेतो, निम्मा धंदा तोच आहे आणि तिथं मावशी दिसलीच पाहिजे. मामांना किटकॅट दुसऱ्याच दिवशी पोचवले. आता शूटिंगला रानात गेलो की ते आधी माझा खिसा तपासतात.