आमची वाटचाल : पहिला रन

दारू गाळायचं लायसन्स मिळालं, तांब्याचं पॉट स्टिल, म्हणजे गाळायचं भांडं, बसलं, आणि जो तो विचारायला लागला की पहिल्या धारेची कधी देताय. अरे बाबांनो, पहिल्या रनमधून, म्हणजे पहिल्यांदा गाळून, निघतं ते प्यायचं नसतंच! नवं भांडं तर आधी व्हिनेगरच्या पाण्याने उकळून काढलं, पाइप, कंडेन्सर (वाफ गार करून तिची धार करतो तो भाग) सगळीकडून वाफ फिरवली, मग साध्या वॉशचा, म्हणजे आंबवलेल्या पाण्याचा, एक रन चालवून निघालेलं सगळं फेकून दिलं. पार्टनरच्या जिवावर आलं होतं, पण त्याला इलाज नाही.

खऱ्या पहिल्या रनचं गणित सोपं आहे. १००० लिटर वॉश, ८ टक्के अल्कोहोल, म्हणजे आत ८० लिटर. ते गोळा करायचं, बस. लो वाइन्स, म्हणजे पहिल्या रनची कच्ची दारू, निघतात तीनेकशे लिटर, सरासरी २५ टक्क्यांच्या, गढूळ आणि वासाला अगदीच कशातरी. चव बघायची नाही, हेड्स-टेल्स, म्हणजे धारेचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग, वेगळे करायचे नाहीत, ते सगळं दुसऱ्या रनला.

लोकांना वाटतं अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं म्हणजे भांडंही ७८ लाच उकळणार, पण आत बहुतेक पाणीच असतं ना, त्यामुळे असला वॉश ९२-९३ च्या आसपास उकळायला लागतो आणि तिथे पोचेपर्यंत नुसतं बघत बसायचं. लक्ष ठेवायचं ते फेसावर. वॉशमधे गॅस राहिलेला असला की काचेच्या खिडकीत फेस सरसर वर चढतो, त्या क्षणी आच कमी केली नाही तर तो मानेतून थेट कंडेन्सरमधे जातो आणि खाली भुरकट पाणी पडायला लागतं. म्हणून भांडं आम्ही पाऊणच्या वर भरत नाही, कुणी कितीही घाई करू दे.

धार सुरू होते ४५-५० टक्क्यांनी आणि मग उतरतच जाते. आमची खरी भांडणं झाली ती बंद कधी करायचं यावर. पार्टनर म्हणायचा अल्कोहोलचा मीटर १ टक्क्यावर येईपर्यंत चालव, आपलंच अल्कोहोल आहे, सोडायचं कशाला. पण शेवटी शेवटी नुसतं पाणीच उकळत असतं, इंधन जातं, कंडेन्सरला गार पाणी जातं, माणूस अडकून पडतो, आणि हातात येतं ते चिमूटभर. हिशोब समोर ठेवला तेव्हा कुठे पटलं त्याला. आता २ टक्क्यांना बंद. कधीकधी ३ लाच, पुढचा वॉश तयार होऊन थांबलेला असला तर.