उताऱ्यावर दीर, पोत्यांपाशी भावजय

ॲपमधल्या एखाद्या रकान्यापुढे लाल चांदणी टाकायची, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून माझ्या हातातलं हे सगळ्यात किरकोळ काम. कोड मी लिहीत नाही. काय बनवायचं, आधी काय, सक्तीचं काय, एवढं ठरवते. पुण्यातल्या बैठकीत चांदणीवरून सहसा कोणी भांडत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात मात्र तिच्यावरून भांडण झालेलं मी पाहिलं.

आमचं ॲप अडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालांच्या दुकानांसाठी आहे. सौदा झाला की वजन, दर, हमाली, तोलाई धरून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, तयार होते आणि पैसे थेट खात्यावर जातात. त्यात शेतकऱ्याचा सात-बारा सक्तीचा होता आणि खातंही त्याच नावाचं लागायचं. हेतू वाईट नव्हता. विक्रीची नोंद साठत गेली की तिच्या जोरावर पीककर्ज मिळावं, असा बेत होता. कर्ज देणाऱ्या भागीदाराला जमिनीचा पुरावा हवा होता.

हळदीचा हंगाम भरात होता. खरेदीदार पोत्यांपुढून फिरत होते, हळकुंड मोडून आतला रंग बघत होते. बसल्या जागी माझी ओढणी पिवळी झाली. वाळवा तालुक्यातल्या एक बाई माल घेऊन आल्या होत्या. नवरा मुंबईला गाडीवर, शेत ह्याच बघतात. दर मनासारखा निघाला. मग दिवाणजींनी मोबाईल हातात घेतला.

"अक्का, पैसे थोरल्या दादांच्या खात्यावर जातील बघा."

"का? गेल्या साली माझ्याच पासबुकावर आलं की."

"आता ह्यात उतारा मागतोय. उताऱ्यावर नाव असंल त्यालाच."

"उताऱ्यावर दीर हाईत. हळद काय दिरानं शिजवली?"

उताऱ्यावर दिरांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' होतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वाटण्या तोंडी होऊन जमाना लोटतो, कागद तसाच राहतो. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांत बायका सुमारे 14 टक्केच निघाल्या. बायकोचं नाव उताऱ्यावर लागावं म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, त्यालाही तीसहून जास्त वर्षं झाली.

दिवाणजींनी मला जुनी वही उघडून दाखवली. वर दिरांचं नाव, खाली 'ह.', म्हणजे हस्ते, लिहून पुढे ह्या बाईंचं. माल कोणाच्या नावचा आणि पैसे कोणाच्या हातात दिले, दोन्ही एका नोंदीत. आमच्या ॲपमध्ये ती दुसरी ओळच नव्हती. वर दिवाणजी सहज बोलून गेले, "बऱ्याच जणांच्या नावापुढं दुकानाचाच नंबर टाकलाय मॅडम. ओटीपी हितंच येतोय, काम पटपट हुतंय." पुण्यात आम्ही ज्याला 'पडताळणी झालेले शेतकरी' म्हणत होतो, त्यातले कितीतरी असे एकाच मोबाईलमध्ये राहत होते!

बाईंना त्यांनी त्या दिवशी ॲप बाजूला ठेवून चेक दिला. तेवढ्याने भागत नव्हतं. नोंद दिरांच्या नावे साठली असती तर पुढे कर्जाची पतही दिरांचीच झाली असती, आणि राबणारी बाई कुठल्याच आकड्यात दिसली नसती.

पुण्यात हा विषय काढल्यावर पहिला प्रश्न आला, "उद्या दीर भांडत आले तर?" मी दुकानमालकांना फोन लावला. ते हसले. "भांडणं काय ॲपनं आणली व्हय? येत्यात, आम्ही चहा पाजून मिटवतो." भागीदार बरेच दिवस अडून बसला. शेवटी सात-बारा फक्त कर्जाच्या अर्जापुरता ठेवला. पट्टीवर माल आणणाऱ्याचं नाव वेगळं आलं, आणि पैसे कोणाच्या खात्यावर, हे दुकानातच ठरू लागलं. कर्जाच्या अर्जात मात्र बाईंची गाडी अजून उताऱ्यापाशीच अडते. तिथे माझं काही चालत नाही.

दिवाणजींना आता उचलीचा रकाना हवाय. हंगामाआधी शेतकऱ्याने दुकानातून उचललेले पैसे पट्टीतून आपोआप वळते व्हावेत, असं त्यांचं म्हणणं. काम सोपं आहे. पण तो आकडा भागीदाराला दिसला की शेतकऱ्याचं कर्ज नामंजूर व्हायचं, आणि लपवला तर आम्ही भागीदाराला फसवल्यासारखं. तूर्त मी तो यादीत खाली ढकललाय. दिवाणजींचा फोन दर सोमवारी येतो.