बोअरचं पाणी, तळं आणि लोखंड: शेडनेटने तारलं

बोअरच्या पाण्याला तळ्यात पडण्याआधी हवा लागावी म्हणून उभारलेल्या टॉवरचं काम चोख चाललंय. बोअरमधून येताना विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 1.8 मिलिग्रॅम, चार जाळीदार ट्रेंवरून ठिबकत खाली आल्यावर 7.1. पीएच 6.5 वरून 7.3 झाला, म्हणजे पाणी आम्लधर्मी करणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातोय. पहाटे इनलेटपाशी तोंड वर काढून उभे राहणारे कोई मासे आता तळाशी निवांत फिरतात. ते बघत मी कितीतरी वेळ काठावर बसून होतो.

पण आठवडाभरात तळ्याच्या भिंतींवर तांबूस थर धरला. एक कोई जाळीत घेऊन कल्ल्याचं झाकण हलकेच उचललं, तर लाल पात्यांच्या कडांना गंजासारखा गाळ! पोटात गोळाच आला. बोअरच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, म्हणून पाणी काचेसारखं दिसतं. हवा लागली आणि पीएच 7 च्या वर गेला की ते भराभर गंज होऊन सुटतं. माझ्या टॉवरने तेच केलं, फक्त गंज बसायला जागा मिळाली ती कल्ल्यांवर. पाण्यात थेंब टाकून तपासायच्या किटने लोखंड लिटरला 0.9 मिलिग्रॅम दाखवलं. पाणी तपासायच्या माझ्या पट्ट्यांवर लोखंडाचा चौकोनच नाही, त्यामुळे इतके दिवस मी आंधळाच होतो. किट घ्याच.

आधी गाळ अडवायला बारीक फिल्टर कार्ट्रिज लावली. चार दिवसांत गच्च. मग टॉवर आणि तळ्याच्या मध्ये 200 लिटरचा ड्रम ठेवला. मिनिटाला 8 लिटर धार, म्हणजे पाणी ड्रममध्ये जेमतेम 25 मिनिटं थांबणार. बाहेर येणारं पाणी तसंच तांबूस. धार 4 वर आणली. तरी दिवसाला 5,760 लिटर होतात, माझं 3,000 लिटरचं तळं जवळजवळ दोनदा भरेल इतके. आणि जुन्या शेडनेटच्या गुंडाळ्या ड्रममध्ये कोंबल्या. तिसऱ्या दिवशी नेट नारिंगी, मऊ, शेवाळासारखं झालं होतं आणि तळ्यात पडणाऱ्या पाण्यात लोखंड 0.2!

आता सँड फिल्टर घ्यायचा बेत होता, पण लिहिता लिहिताच लक्षात आलं: ड्रममध्ये पाणी वरून धबाधबा पडतं, तेच बसलेला गाळ ढवळत असणार. पाइप तळाच्या वीतभर वर नेऊन एल्बोने आडवा वळवतो, आउटलेट वरच राहू दे, तळाला गाळ सोडायला व्हॉल्व्ह. सँड फिल्टर तूर्त रद्द. धार 6 वर न्यायची ती त्यानंतरच, तोवर धार कमी आहे, म्हणून माशांमुळे पाण्यात साठणारा अमोनिया रोज सकाळी तपासतोय.