उजनीचा आलेख, नोंद सहावी: लेबलात ‘उणे’ आलं

मागच्या नोंदीपर्यंत एवढं झालं होतं: सकाळी पेपरात उजनीचा साठा बघायचा, टक्केवारी शीटमध्ये भरायची, पायथनचा कोड चालवायचा आणि स्तंभालेख तयार. राहिली होती ती स्तंभांवरची लेबलं. एका रविवारचं काम आहे असं धरून चाललो होतो. तीन रविवार लागले, आणि त्यातला मधला पूर्ण एका उणे चिन्हापायी गेला. त्याबद्दलच सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या आकड्यांमध्ये शून्याखालच्या किमती आहेत त्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडं उजनीबद्दल. भीमेवरचं हे धरण सुमारे ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं सुमारे ६४ टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळाच्या पाण्यात मोडतं आणि वरचं साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त साठा. पेपरात येते ती टक्केवारी या उपयुक्त साठ्याची. म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारी शून्याखाली जाते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात चहाच्या टपरीवरसुद्धा ‘उजनी मायनसमध्ये गेली का?’ हा प्रश्न ऐकू येतो आणि जुलै-ऑगस्टात ‘प्लसमध्ये आली का?’ हा. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती. पुणे जिल्ह्यातली वरची धरणं भरून दौंडकडून पाणी यायला लागलं की हीच उजनी शंभर टक्के ओलांडते. म्हणजे माझ्या आलेखात वर्षभराचे स्तंभ शून्याच्या दोन्ही बाजूंना असतात.

पहिल्या रविवारी एक्सएलएसएक्सरायटर या पायथनमधून एक्सेल फाइल लिहिणाऱ्या लायब्ररीत मालिका (आलेखात काढायच्या आकड्यांची रांग) जोडताना ‘डेटा_लेबल्स’ लिहिलं, त्यात ‘व्हॅल्यू’ला ‘ट्रू’ दिलं आणि फाइल उघडली. ३६५ स्तंभ, ३६५ आकडे, एकावर एक. वरच्या बाजूला काळी पट्टी ओढल्यासारखं दिसत होतं. आठवड्याला एक नोंद घेऊन ५२ स्तंभ केले, फॉन्ट बारीक केला, आकडे नव्वद अंशांत उभे केले. संगणकावर वाचता येत होतं, मोबाइलवर नाही. आणि माझा आलेख बघितला जातो तो मोबाइलवरच.

तेव्हा विचार केला की उजनीचा आलेख बघणाऱ्याला नेमकं काय हवं असतं? सगळ्यात खाली कुठवर गेली. शून्य कधी ओलांडलं. शंभर कधी झाली. आणि आज किती आहे. चार लेबलं. बाकीच्या आकड्यांचं काम स्तंभाची उंचीच करते. मला वाटतं लेबलांच्या कोडमधला मोठा भाग हा लेबलं लावण्याचा नसून काढण्याचा असतो, आणि तो हाताने टिचक्या मारत करण्यापेक्षा कोडने करणं कितीतरी बरं, कारण उद्या नवी नोंद आली की ‘आज’चं लेबल आपोआप पुढच्या स्तंभावर सरकतं.

हे एक्सएलएसएक्सरायटरमध्ये ‘कस्टम’ या यादीने होतं. मालिकेतल्या प्रत्येक बिंदूसाठी यादीत एक जागा. जिथे लेबल नको तिथे ‘डिलीट’ला ‘ट्रू’, जिथे नेहमीचं लेबल चालेल तिथे नुसतं ‘नन’ (None). यादी बिंदूंच्या क्रमाने चालते, शीटच्या ओळींच्या क्रमाने नाही. पहिली ओळ शीर्षकाची असल्याने दुसऱ्या ओळीतली किंमत यादीत शून्याव्या जागी येते. मी सुरुवातीला ओळ क्रमांकच वापरला, तर सगळी लेबलं दोन घरं पुढे सरकली आणि ‘सर्वांत खालचा दिवस’ भलत्याच स्तंभाखाली गेला. दुसरं असं की यादी अपुरी पडली तर उरलेल्या बिंदूंना नेहमीची लेबलं लागतात, गळत नाहीत. म्हणून आधी बिंदू असतील तेवढे ‘डिलीट’ भरून घ्यायचे आणि मग हवे ते चार बदलायचे. शून्य ओलांडल्याचा दिवस शोधायला एकच अट पुरते: कालची किंमत शून्याहून कमी आणि आजची शून्य किंवा जास्त.

चार लेबलांचा तो आलेख मी मोहोळ तालुक्यातल्या मामांना पाठवला. त्यांचा ऊस उजनीच्या कालव्यावर आहे, आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी सुटणार याकडे त्यांचं लक्ष असतं. पाच मिनिटांत फोन.

‘‘आरं, उजनी प्लसमधी आली म्हणून सांगतोस व्हय?’’

‘‘नाही मामा, अजून मायनसमध्येच आहे.’’

‘‘मला तर हितं साडेचार दिसतंय की. शेवटच्या कांडीवर.’’

‘‘त्याच्या आधी बारकी रेघ आहे बघा, उणेची.’’

थोडा वेळ गेला. ‘‘रेघ आसंल बी. मला दिसंना झालीय. आन् रेघंवर पाण्याचा हिशेब करायचा का?’’

मामा बरोबर होते. स्तंभ शून्याखाली होता हे खरं, पण साडेचार टक्क्यांचा स्तंभ केवढासा असतो? मोबाइलवर तो वर आहे की खाली हे ओळखू येत नाही. उरतो फक्त आकडा, आणि त्याच्या अर्थाचा सगळा भार एका केसाएवढ्या आडव्या रेघेवर. पेपरवाले ‘उणे ४.५’ असं अक्षरात छापतात ते उगाच नाही. त्या दिवशी ठरवलं की माझ्या लेबलातही ‘उणे’ हा शब्दच येणार.

यासाठी किमतीला हात लावायची गरज नाही, हे या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर. लेबलाला ‘नम_फॉरमॅट’ देता येतं आणि त्या फॉरमॅटमध्ये अर्धविरामाने भाग पाडता येतात: पहिला शून्यावरच्या किमतींसाठी, दुसरा शून्याखालच्या, तिसरा शून्यासाठी.

0.0;"उणे "0.0;"शून्य"

दुसरा भाग स्वतंत्र दिला की एक्सेल उण्याचं चिन्ह स्वतःहून लावत नाही. आपण अवतरणात लिहिलेला शब्द जसाच्या तसा येतो. शीटमध्ये किंमत उणेच राहते, स्तंभ खालीच जातो, फक्त वाचणाऱ्याला शब्द दिसतो. ही ओळ लेबलालाच दिली की ते शीटमधल्या घराच्या फॉरमॅटशी बांधलेलं राहत नाही. हाताने करताना ‘स्रोताशी जोडलेलं’ ही खूण काढावी लागते, ती इथे लायब्ररीच काढून टाकते. टक्क्याच्या खुणेचं मात्र सांभाळा. मी शीटमध्ये साडेबारा टक्के ‘12.5’ असे भरतो. फॉरमॅटमध्ये नुसती % टाकली तर एक्सेल किमतीला शंभराने गुणतो आणि लेबल ‘1250.0%’ होतं. म्हणून तीही अवतरणात ठेवायची, किंवा सरळ शब्द लिहायचा:

0.0" टक्के";"उणे "0.0" टक्के";"शून्य"

आकडे मराठी हवे असतील तर प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक खूण लागते. फॉरमॅटमधली शून्यं इंग्रजीच ठेवायची, दिसताना ती देवनागरी होतात:

[$-4000439]0.0;[$-4000439]"उणे "0.0;"शून्य"

लेबलावर ‘उणे ४.५’ उमटलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बायकोला उठवून दाखवलं. तिने डोळे चोळत वाचलं, ‘‘उणे साडेचार. म्हणजे अजून भरायची आहे,’’ आणि झोपली. एका वाचनात कळलं, मला तेवढंच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की चारांपैकी एका लेबलावर जुनी रेघ अजून आहे, आणि तेही सगळ्यात महत्त्वाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या दिवसावर. तिथे मला आकड्याबरोबर तारीखही हवी होती, म्हणून ‘कस्टम’मध्ये ‘व्हॅल्यू’ला बाजूच्या रकान्यातल्या घराचा पत्ता दिला होता. त्या घरात कोडने जोडून ठेवलेला मजकूर होता. मजकुराला संख्येचा फॉरमॅट लागूच होत नाही, तो आहे तसा लेबलात येतो. तेव्हा अशा लेबलासाठी ‘उणे’ पायथनमध्येच जोडायचं: किंमत शून्याहून कमी असेल तर शब्द, मग चिन्ह काढलेली किंमत, मग तारीख. जो कोणी फॉरमॅट आणि स्वतःचा मजकूर अशी सरमिसळ करेल त्याने दोन्ही जागा तपासाव्यात.

जागेचं फार अवघड गेलं नाही. ‘आउटसाइड_एंड’ दिलं की वरच्या स्तंभाचं लेबल डोक्यावर आणि खालच्याचं पायाशी येतं. अडचण आली ती आडव्या अक्षावरच्या तारखांची. अक्ष शून्यावर असल्याने तारखा खाली गेलेल्या स्तंभांवरच छापल्या जात होत्या. आडव्या अक्षाला ‘लेबल_पोझिशन’ ‘लो’ दिलं आणि त्या तळाशी गेल्या. उभा अक्ष उणे ७० ते १२० असा बांधून टाकला, म्हणजे टोकाच्या लेबलांना श्वास घ्यायला जागा राहते. ‘इन्व्हर्ट_इफ_निगेटिव्ह’ आणि त्याच्या जोडीच्या रंगाच्या पर्यायाने शून्याखालचे स्तंभ विटकरी केले.

तिसरा रविवार ओपनपायएक्सएल या दुसऱ्या लायब्ररीवर गेला, जी आधीची एक्सेल फाइलही उघडते. एक्सएलएसएक्सरायटर नवी फाइल लिहितो, जुनी उघडत नाही, आणि माझी मागच्या वर्षांची वही जुन्याच फाइलीत आहे. तिथे महिन्याच्या सरासरीचा रेषालेख जोडायचा होता. (आधी फाइलीची प्रत काढा. ओपनपायएक्सएल उघडून परत जतन करताना शीटवरचे हाताने काढलेले आकार टिकत नाहीत.)

इथे लेबलांसाठी ‘डेटालेबललिस्ट’ नावाची वस्तू बनवून मालिकेला लावायची आणि ‘शोव्हॅल’ ‘ट्रू’ करायचं. मी एवढंच केलं तर किमतीबरोबर मालिकेचं नाव, महिन्याचं नाव असं सगळंच बिंदूवर येऊन बसलं. ‘शोसेरनेम’, ‘शोकॅटनेम’, ‘शोलेजंडकी’, ‘शोपर्सेंट’ हे चारही स्पष्टपणे ‘फॉल्स’ करावे लागले. न सांगितलेलं म्हणजे नको असं फाइल उघडणारा धरत नाही.

मग जागा. स्तंभालेखातून उचलून ‘आउटएंड’ तसंच रेषालेखाला लावलं. कोड कुरकुर न करता चालला, लिबरऑफिसने फाइल उघडली, आणि एक्सेलने मात्र ‘मजकुरात अडचण आहे, दुरुस्त करू का’ असं विचारून आलेखच काढून टाकला. दोन तास फॉन्टमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी फाइलीच्या नावाचं एक्स्टेंशन ‘झिप’ केलं, उघडली, ‘चार्ट१’ची एक्सएमएल (आलेखाचं वर्णन असलेली मजकुराची फाइल) काढून एकेक ओळ वाचली, तेव्हा उलगडलं. रेषेच्या बिंदूला ‘बाहेरचं टोक’ असतंच कुठे? तिथे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये एवढेच पाच पर्याय चालतात. एकावर एक रचलेल्या स्तंभांनाही ‘आउटएंड’ चालत नाही, कारण टोकाच्या बाहेर पुढचा स्तंभ असतो. रेषालेखाला ‘आउटसाइड_एंड’ दिलं तर एक्सएलएसएक्सरायटर इशारा देतो. ओपनपायएक्सएल आलेखाच्या प्रकाराशी हे ताडून बघत नाही, ते आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

त्या एक्सएमएलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, जी मला पहिल्या रविवारपासून छळत होती. लेबलाचा फॉन्ट बदलला की इंग्रजी आकडे बदलायचे, पण ‘उणे’ जुन्याच वळणात राहायचा. कारण फाइलीत फॉन्टच्या जागा वेगवेगळ्या आहेत: ‘लॅटिन’ रोमन अक्षरांसाठी, ‘सीएस’ देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. एक्सएलएसएक्सरायटर फॉन्टचं नाव पहिल्या जागीच लिहितो. ओपनपायएक्सएलमध्ये ‘कॅरेक्टरप्रॉपर्टीज’ला ‘सीएस’ वेगळा देता येतो. तिथे निर्मला यूआय या फॉन्टचं नाव लिहिलं आणि वेलांट्या-मात्रा स्वच्छ दिसू लागल्या. मापं मात्र इथे वेगळीच आहेत. अक्षराचा आकार पॉइंटच्या शंभराव्या भागात, म्हणजे ९ पॉइंटला ९००. फिरवण्याचा कोन अंशाच्या साठ हजाराव्या भागात, म्हणजे नव्वद अंशांना ५४ लाख. पहिल्यांदा मी आकाराला नुसतं ९ लिहून चुकलो होतो.

काल मामांना नवा आलेख पाठवला. या वेळी फोन आला नाही, आवाजाचा निरोप आला. पाठीमागे मोटरीचा आवाज, आणि मामा शेजारच्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवत होते: ‘‘उणे दोन पॉइंट एक. अजून मायनसमधीच हाय, पर चढायलीय.’’

पुढच्या नोंदीसाठी दौंडच्या विसर्गाची रेष दुसऱ्या अक्षावर घ्यायची आहे. स्तंभाचं लेबल आणि रेषेचं लेबल एकाच जागी आलं तर रेषेचं वर ढकलून मधे जोडरेघ काढायचा विचार आहे. ‘लीडर_लाइन्स’चा पर्याय आहे, पण लेबल किती सरकवायचं हे कोडने ठरवायचं कसं, हे कुणी केलं असेल तर जरूर सांगा. पावसाळ्यात दौंडचा आकडा दिवसातून दोनदा बदलतो, हाताने सरकवत बसणं जमणार नाही.