मॅक्सवेल विरुद्ध जॉन्स्टन: वैर वॉर्डनकीचं

स्कॉटलंडमधलं घराण्यांचं हाडवैर म्हटलं की किल्ट आणि बॅगपाइप डोळ्यांपुढे येतात. मॅक्सवेल-जॉन्स्टन वैरात ते शोधू नका. ही इंग्लंडच्या सीमेवरची घोडेस्वार मंडळी: डोक्यावर पोलादी टोप, अंगात कापडाच्या थरांत लोखंडी पत्रे शिवलेली बंडी, हातात भाला. मॅक्सवेलांचा त्रिकोणी कॅर्लॅव्हरॉक किल्ला आणि जॉन्स्टनांची लॉकवुडची गढी यांत अंतर जेमतेम ठाणे-पनवेलएवढं.

भांडणाचं मूळ पश्चिम सीमेच्या वॉर्डनकीत, म्हणजे राजाने नेमलेल्या सीमा-अधिकाऱ्याच्या पदात. वॉर्डनला राजाच्या नावाने माणसं जमवता येत, न्यायनिवाडा आणि धरपकड करता येई. पद कधी या घराण्याकडे, कधी त्या. ज्याच्याकडे असेल त्याचा शत्रू आपोआप राजाचा गुन्हेगार. वतनाच्या तंट्यांचे कागद चाळलेल्यांना यात नवल वाटणार नाही. १५८५ मध्ये मॅक्सवेलांनी लॉकवुड जाळलं.

१५९३ मध्ये जॉन्स्टनांच्या माणसांनी निथ नदीच्या खोऱ्यात धाड घातली. मेलेल्यांचे रक्ताळलेले सदरे घेऊन बायका एडिंबरोला गेल्या, पण दाद लागली नाही. मग निथ खोऱ्यातल्या जमीनदारांनी मॅक्सवेलांचा प्रमुख लॉर्ड मॅक्सवेल याला लेखी करारच करून दिला: आम्ही तुमचे, तुम्ही आमचं रक्षण करा. ही गोष्ट जॉन्स्टनांच्या प्रमुखाला कळली आणि मामला पेटला.

६ डिसेंबरला लॉकर्बी गावाजवळ ड्राइफ सँड्सवर मॅक्सवेल वॉर्डन म्हणूनच चालून आला. फौज त्याचीच मोठी. २००० विरुद्ध ४०० हे आकडे मात्र जपूनच घ्यावेत. जॉन्स्टनने मुख्य तुकडी दडवून मोजके स्वार डिवचायला पुढे सोडले. मॅक्सवेलची आघाडी रांग मोडून त्यांच्यामागे धावली, तिथेच घात झाला. दडलेले लोक अंगावर आल्यावर ती उलटी फिरली आणि मागच्या आपल्याच माणसांवर आदळली. लॉकर्बीच्या गल्ल्यांतून पळणाऱ्यांच्या तोंडांवर घोड्यावरून वार झाले. खुद्द लॉर्ड मॅक्सवेल मारला गेला.

मिटवायची रीत होती: रक्ताची भरपाई ठरवायची, मृताच्या नातलगांनी माफीपत्रावर सह्या करायच्या, मग राजाची माफी. १५९८ मध्ये असली वैरं संपवण्यासाठी कायदाही झाला. पण बाप गमावलेल्या तरुण लॉर्डला पैशांत रस नव्हता. एप्रिल १६०८ मध्ये समेटासाठी तो आणि जॉन्स्टन भेटले, बरोबर एकेकच माणूस. त्या दोन सोबत्यांत जुंपली, जॉन्स्टन पाहायला वळला आणि मॅक्सवेलने त्याला पाठीत गोळी घातली. पळालेला मॅक्सवेल पुढे परतला, पकडला गेला आणि १६१३ मध्ये एडिंबरोला त्याचं डोकं उडवण्यात आलं.