शेततळ्यात चिलापी सोडायची परवानगी: माझा अनुभव

आमचं शेततळं निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या अलीकडच्या शिवारात. द्राक्षबागेसाठी भरून ठेवलेलं पाणी नुसतं पडून राहतं, तर त्यात मासे सोडावेत असं घरात ठरलं. दाजींनी लगेच मांगूर सुचवला. "झटपट वाढतो, काहीही घाला, खातो." मी तिथंच हात जोडले. थाई मांगूर म्हणून खपवतात तो मासा मुळात आफ्रिकेतला, आणि त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं खडसावल्यावर राज्यात ठिकठिकाणी तळी उपसून तो नष्ट केला गेला. हा मासा हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या पाण्यात जातो आणि तिथलं काही शिल्लक ठेवत नाही. तरीही त्याचं बीज, म्हणजे पिल्लं, विकणारे फोनवर भेटतातच, भाव स्वस्त आणि पावती नाही.

मला हवी होती चिलापी, म्हणजे तिलापिया. तिची गोष्ट वेगळी. मोझांबिकची चिलापी आपल्याकडे १९५२ मध्ये आली, १९५९ मध्ये तिचा प्रसार थांबवायचं ठरलं, पण तोवर ती सुटली होती. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लं जगतात, आणि बघता बघता तळं बारक्या चिलाप्यांनी भरतं. उजनी धरणात तिनं काय केलं ते भिगवणच्या मासळी बाजारात दिसतं. आता गिफ्ट नावाच्या सुधारित जातीला परवानगी मिळते, पण अटी कडक: तळ्याची नोंदणी, सगळे नर असलेलं बीज, पाणी येण्याजाण्याच्या वाटेवर बारीक जाळी, वरून पक्ष्यांसाठी जाळं.

सातबारा, आठ अ, आधार, तळ्याचे फोटो, सगळं घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या ऑफिसात गेलो. कागदपत्रांचं म्हणाल तर नेहमीचंच, एक झेरॉक्स कमी पडतेच. खरी परीक्षा तिथल्या अधिकारी मॅडम तळ्यावर आल्या तेव्हा झाली. मासे किती सोडणार, खाद्य कोणतं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. बांधावरून फिरत म्हणाल्या, "भाऊ, तळ्यातला प्लास्टिकचा कागद फाटला तर तळं कुठं रिकामं करता?"

"ओढ्यात."

"आणि ओढा?"

"गोदावरीला."

"मग खाली काय आहे, तुम्हीच सांगा."

खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तो गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातला पहिलाच. तिथं हिवाळ्यात येणारे पक्षी सगळ्यांना दिसतात, पाण्याखालचं कोण बघतं? देवळालीच्या बाजूला दारणा नदीत सापडलेला एक बोटभर मासा शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये नोंदवला, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी. त्याला बाजारात भाव नाही, आणि आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे. दारणा पुढं आमच्याच तालुक्यात गोदेला मिळते.

चिलापीला नकार मिळाला. तो तोंडी मिळाला, याचा मला अजून राग आहे. दोन ओळी लेखी दिल्या असत्या तर शेजारच्या चार जणांना दाखवता आल्या असत्या. पण कारण पटलं. महापुरात आमच्या शिवारात पाणी बांधावर चढतं, तिथं जाळी काय करणार?

मॅडमनी कटला, रोहू, मृगळ सोडायला सांगितलं. इथं माझं एक म्हणणं आहे. रोहू आणि मृगळ हेही मुळात गंगेच्या खोऱ्यातले, आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तर परदेशी, तरी सरकारी मत्स्यबीज केंद्रांवर ते वर्षानुवर्षं मिळतात. बाहेरचं काय आणि आपलं काय याची रेघ सरकार सोयीनं ओढतं. पण निदान कटला-रोहू साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं, त्यामुळे तळ्यात त्यांची फौज होत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

बीज आणताना मॅडमनी सांगितलेलं एक काम नेटानं केलं. ऑक्सिजन भरलेली पिशवी आधी बंदच तळ्यात तरंगत ठेवली, तापमान जुळेपर्यंत. मग थोडी थोडी बोटुकली पांढऱ्या घमेल्यात ओतून पाहिली. चिलापीचं पिल्लू ओळखायला सोपं: पाठीवरचा पर लांबलचक आणि पुढून काटेरी, मागं त्यावर एक काळा ठिपका. मांगूरचं पिल्लू असलं तर खवले नाहीत आणि तोंडाला लांब मिशा. आमच्या पिशवीत काळ्या ठिपक्याची काही निघाली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "येतात हो एखाददुसरी, त्यात काय!" मी ती वेचून कोंबड्यांना घातली. पक्की पावती होती म्हणून पुढच्या खेपेला त्यानं पिशवी माझ्यासमोर तपासून दिली.