हेवीवेट रँकिंग: चॅम्पियन सोडा, आधी पाच नंबरचा माणूस बघा

हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाच्या बॉक्सिंगवर वाद सुरू झाला की गाडी हमखास 'टायसनने अलीला मारलं असतं का' ह्याच्यावर येऊन थांबते, आणि मग कोणाचे हात फास्ट, कोणाची हनुवटी मजबूत, ह्याला अंतच नाही. ते दोघं रिंगमध्ये भेटलेच नाहीत, त्यामुळे कोणीही काहीही बोलावं. म्हणून मी साधा हिशोब लावतो. चॅम्पियनला जरा बाजूला ठेवायचं आणि त्या काळातला चार-पाच नंबरचा माणूस किती डेंजर होता ते बघायचं.

७० चं दशक इथेच जिंकतं राव. अली, फ्रेझियर, फोरमन सगळ्यांना पाठ असतात, पण केन नॉर्टन बघा ना, १९७३ मध्ये त्याने अलीचा जबडा मोडला आणि फाइटही जिंकली, पुढच्या दोन फाइट्स जजनी अलीला दिल्या त्यावर लोक अजून भांडतायत, आणि हाच नॉर्टन फोरमनसमोर दोन राउंडमध्ये आटोपला. रॉन लाइल कधीच चॅम्पियन झाला नाही, तरी १९७६ मध्ये त्याने फोरमनला दोनदा खाली पाडलं (शेवटी हरला, पण काय फाइट!). जिमी यंगने पुढच्या वर्षी फोरमनला पॉइंट्सवर असं हरवलं की तो दहा वर्षं रिंगकडे फिरकलाच नाही. वर ते त्रांगडं आहेच: १९७१ ला फ्रेझियरने अलीला हरवलं, १९७३ ला किंग्स्टनमध्ये फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं, आणि १९७४ ला किन्शासामध्ये अलीने फोरमनला आठव्या राउंडला झोपवलं. फ्रेझियर वाकून वाकून पुढे यायचा, म्हणजे थेट फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर येणाऱ्या ठोशाच्या) रस्त्यात, आणि अली दोरावर रेलून फोरमनला दमेपर्यंत मारू देत राहिला. तेव्हा 'अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून अ क ला हरवणार' हे लॉजिक हेवीवेटमध्ये चालत नाही.

९० चं दशक दुसऱ्या नंबरवर, आणि फार मागे नाही. होलीफिल्ड, रिडिक बो, लेनॉक्स लुईस, तुरुंगातून आलेला टायसन, आणि म्हातारा फोरमन, ज्याने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकल मूररला नॉकआउट करून टायटल परत घेतलं. मला खटकतं ते एवढंच की बो आणि लुईस प्रोफेशनलमध्ये भिडलेच नाहीत. १९८८ च्या सोल ऑलिम्पिक फायनलला लुईसने रिडिक बो ह्याला हरवलं होतं, पुढे त्या बोने लुईसशी लढायच्या ऐवजी आपला चॅम्पियनचा बेल्ट चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला.

क्लिचको भावांचा काळ माझ्या टेस्टमध्ये आपटतो. व्लादिमिर २००६ ते २०१५ चॅम्पियन, सलग १८ डिफेन्स (म्हणजे टायटल १८ वेळा राखलं), जॅब (सरळ झटपट ठोसा) मारा आणि मिठी मारा, बोअर पण अचूक. प्रॉब्लेम असा की त्या काळातला दुसरा बेस्ट माणूस त्याचा सख्खा भाऊ विताली, आणि आईला शब्द दिलेला की आम्ही एकमेकांशी लढणार नाही. संपला विषय. १९२० च्या दशकातला चॅम्पियन जॅक डेम्प्सी, त्याचा काळही मी खालीच ठेवतो, कारण हॅरी विल्ससारख्या काळ्या चॅलेंजरला टायटलचा चान्सच दिला नाही, मग पाच नंबरचा कोण होता ते ठरवायचं कसं?

आता माणसं. इथे मी दुसरी गोष्ट बघतो: हरल्यावर परत येऊन हिशोब चुकता केला का? एक नंबर अली, ह्यावर मी वाद घालत नाही. दोन जो लुईस, १९३७ ते १९४९ चॅम्पियन, २५ डिफेन्स, आणि १९३६ ला श्मेलिंगने नॉकआउट केल्यावर दोन वर्षांनी त्याला पहिल्याच राउंडमध्ये उडवला. तीन लेनॉक्स लुईस, मॅककॉल आणि रहमान दोघांकडून नॉकआउट खाल्ला आणि दोघांनाही परत गाठून हरवलं. चार लॅरी होम्स, अलीच्या नंतर आला म्हणून बिचाऱ्याला कोणी बघितलंच नाही, २० डिफेन्स, ४८-० (४८ विजय, एकही हार नाही) पर्यंत पोचला आणि मार्सियानोच्या ४९-० ला एक कमी असताना मायकल स्पिंक्सकडून हरला. मग फोरमन, होलीफिल्ड, फ्रेझियर.

मार्सियानो नववा. ४९-० आहे, ४३ नॉकआउट आहेत, मान्य, पण जो लुईस त्याच्या हाती लागला तो ३७ वर्षांचा. शिवाय वजन साधारण ८४ किलो, म्हणजे आजच्या हिशोबाने क्रूजरवेट (हेवीवेटच्या खालचा गट), जिथे लिमिट ९० किलोच्या वर आहे. वजनावरून मी कोणाला बाद करत नाही हां, नाहीतर आजच्या काळातल्या युक्रेनच्या उसिकचं काय करणार? तोही क्रूजरवेटमधूनच आला, आणि मे २०२४ मध्ये रियाधला आपल्यापेक्षा बऱ्याच जड फ्युरीला हरवून सगळे बेल्ट एकत्र केले, डिसेंबरमध्ये परत हरवलं. म्हणून आठव्या नंबरवर उसिक.

आणि टायसन दहावा. २० व्या वर्षी चॅम्पियन, स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं, १९८६ ते ८८ चा टायसन बघायला माझ्यासाठी सगळ्यात भारी हेवीवेट आहे. पण डग्लस, होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस, ज्याने ज्याने त्याला हरवलं त्यातल्या एकालाही तो कधी परत हरवू शकला नाही. होलीफिल्डबरोबर रिमॅच मिळाली, तर कान चावून डिसक्वालिफाय झाला. त्याचे फॅन कमेंटमध्ये येतीलच, या, पण हायलाइट्सची लिंक नको, डग्लसनंतर त्याने कुठला टॉप हेवीवेट हरवला ते नाव सांगा.